पुनःश्रवणाची कसोटी

गाणें संपवून उठणाऱ्या श्रोत्यांच्या तोंडून जे उद्गार निघतात त्यांचे ढोबळ मानानें दोन प्रकार दिसतात. कोणी 'काय गायला!' म्हणून मान हलवितो. कोणी कांहीं न बोलतां एखादीच जागा मनांतल्या मनांत घोळवीत घरची वाट धरतो. पहिल्याच्या मनांत विस्मय असतो, दुसऱ्याच्या मनांत ओढ असते. विस्मय हा एकदांच होतो. तीच गोष्ट दुसऱ्यांदां पाहतांना तो ओसरूं लागतो व चौथ्या-पांचव्यांदां त्याचें नांवहि उरत नाहीं. ओढीचें तसें नाहीं. ती भागविली म्हणजे वाढते. आपल्याकडील संगीताची टीका बहुतेक पहिल्या प्रकारच्या श्रोत्यांनीं लिहिली आहे असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. अमक्या बैठकींत अमक्या खांसाहेबांनीं तिन्ही सप्तकांत कशी तान फेकली, तबलजीला कसें घाबरें करून सोडलें, समोर बसलेल्या दुसऱ्या बुवांचा चेहरा कसा उतरला, हें सर्व वाचावयास मोठें रंजक असतें. पण त्यावरून तो गायक आज पुन्हां ऐकावा कीं नाहीं याचा बोध होत नाहीं.

ही उणीव रोह्यासारख्या गांवीं बसून विशेष जाणवते. कुंडलिकेच्या कांठचें हें गांव मुंबईपासून शे-सव्वाशें किलोमीटरांवर असलें तरी तेथील मैफली रोहेकरांच्या वांट्यास कधीं फारशा आल्या नाहींत. आगगाडी येथें आली ती स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षांनीं. तोंवर धरमतरची बोट आणि पुढें खाचखळग्यांची सडक. लक्ष्मीबागेंतील किंवा पुण्याच्या नाटकगृहांतील रात्र ज्यांना दंतकथेप्रमाणें दुरूनच ऐकावी लागली, त्यांचें सारें संगीतशिक्षण तबकडीनें आणि पुढें नभोवाणीनें केलें. शनिवारीं रात्रीं संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ सालीं सुरू झाला, तेव्हां पावसाळ्यांत खरखरणाऱ्या यंत्राला कान लावून बसणारीं कुटुंबें कोंकणांतल्या प्रत्येक तालुक्याच्या गांवीं होतीं. अशा श्रोत्याला गवयाचा चेहरा दिसत नाहीं, पगडी दिसत नाहीं, पुढच्या रांगेंतील बड्या लोकांची वाहवा त्याच्या मतावर दडपण आणीत नाहीं. त्याच्यापाशीं असतो केवळ आवाज, आणि तोच आवाज पुन्हां लावण्याची सोय. मैफलीच्या श्रोत्यापेक्षां तो गरीब खरा, परंतु एका बाबतींत अधिक कठोर परीक्षक आहे. दिवाणखान्यांत जी तबकडी शंभर वेळां वाजूनहि घरांतल्या कोणालाच नकोशी झाली नाहीं, तिच्या गुणाविषयीं आणखी कोणाचा दाखला आणावयाचा?

यावर एक आक्षेप निघतो, व तो उडवून लावण्यासारखा नाहीं. आपलें संगीत उपजेचें. तोच राग तोच गवई आज एक तऱ्हेनें मांडील, उद्यां दुसऱ्या. त्यांतील एक क्षण पकडून तोच पुनः पुनः ऐकणें म्हणजे वाहत्या पाण्याची घागर भरून तिला नदी म्हणण्यासारखें आहे, असें जुने लोक म्हणत. अल्लादियाखाँसाहेबांनीं ध्वनिमुद्रिका दिली नाहीं; भास्करबुवा बखल्यांचाहि आवाज आज ऐकावयास मिळत नाहीं. आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही इतकेंच विचारूं, कीं पुनरुक्तीचा एवढा तिटकारा असेल तर तीच चीज, तेच दोन ओळींचे शब्द पिढ्यान् पिढ्या कां गायिले जातात? आमच्या भागांतील भजनी मंडळी पखवाजाच्या साथीनें तोच अभंग एकादशीमागून एकादशी गातात, आणि ज्याला तो लहानपणापासून पाठ आहे तोच म्हातारा ऐकतांना पुढें सरकून बसतो. ज्यांचें घर रोह्याचें, त्या चिंतामणराव देशमुखांनीं मेघदूत मराठींत आणलें; सबंध हयात रिझर्व्ह बँकेच्या आणि अर्थखात्याच्या आंकड्यांत गेलेल्या त्या माणसाला कालिदासाचे श्लोक कांहीं नवीन बातमी सांगत नव्हते. श्लोक बदलत नाहीं, वाचणारा बदलत असतो. तबकडीविषयीं हेंच म्हणतां येतें, पण सगळ्याच तबकड्यांविषयीं नाहीं. आणि येथेंच निवडीला आरंभ होतो.

लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा माणूस गैसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास उतरला आणि गौहरजानचें गाणें त्यानें मुद्रित केलें. तेव्हांपासून जवळजवळ अर्धें शतक गवयाच्या हातीं एका बाजूस तीन, फार तर साडेतीन मिनिटें असत. ज्यांना घटकाभर स्वर लावण्यांत घालवावयाची संवय त्यांच्यापुढें ही मोठीच अडचण होती. पुष्कळांनीं ती सोडविली कशी, तर जें येतें तें सारें तीन मिनिटांत कोंबून. आलापाचे दोन सूर, लागलीच अस्ताई, आणि मग शेवटापर्यंत तानांचा पाऊस. त्या काळच्या शेंकडों तबकड्या अशा आहेत. पहिल्यांदां ऐकतांना छाती दडपते. पांचव्या वेळीं तान कोठें सुरू होणार हें ठाऊक झालेलें असतें, आणि तिच्यांत आणखी कांहीं सांपडत नाहीं.

मास्तर दीनानाथांविषयीं हें लिहितांना हात अडखळतो. मंगेशीच्या या पुरुषाला अवघें एकेचाळीस वर्षांचें आयुष्य मिळालें. १९४२ सालीं ते गेले तेव्हां महाराष्ट्राला जो धक्का बसला तो खोटा नव्हता. त्यांच्या गळ्यांतील तेज, स्वर सोडून एकदम दूरच्या स्वरावर झेप घेण्याची धिटाई, पंजाबी ढंगाच्या त्या वेड्यावांकड्या हरकती यांना जोड नाहीं. परंतु त्यांच्या पदांच्या तबकड्या वारंवार लावून पाहिल्यावर आमचें मत असें झालें आहे, कीं त्या वर्षांतून दोनदां ऐकाव्या. वीज चमकलेली पाहण्यास मनुष्य दार उघडून उभा राहतो. तिच्या उजेडांत पोथी वाचावयास कोणी बसत नाहीं. त्यांच्या भक्तांना हें बोलणें रुचणार नाहीं हें आम्ही जाणून आहों.

आतां अब्दुल करीमखाँ. किराणा गांवचा हा गवई आयुष्याच्या उत्तरार्धांत मिरजेचा झाला. १९३७ च्या आक्टोबरांत पाँडिचेरीकडे जातांना वाटेंत प्रकृति बिघडल्यामुळें सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तेथेंच त्यांनीं देह ठेवला. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यांत उरुसाच्या वेळीं त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात, हें सर्वश्रुत आहे. त्यांचें मुद्रण दोनदां झालें. एकदां या शतकापूर्वींच्या शतकाच्या अगदीं आरंभीं, कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे त्या काळीं. आणि पुन्हां अखेरच्या कांहीं वर्षांत, विजेचा ध्वनिग्राहक आल्यावर. या दोहोंमध्यें जें अंतर आहे तें केवळ यंत्राचें नाहीं. तरुणपणींच्या तबकड्यांत तयारी दिसते, घाई दिसते, मघाशीं सांगितलेला तानांचा पाऊसहि थोडाबहुत दिसतो. म्हातारपणीं या माणसानें घाई टाकून दिली. साडेतीन मिनिटें तींच, तरीहि झिंझोटीची ती प्रसिद्ध ठुमरी ऐकतांना गायकापाशीं सारी रात्र मोकळी आहे असें वाटतें. तंबोऱ्याच्या गुंजनांतून आवाज केव्हां निघाला हें कळत नाहीं. तो एका स्वरावर येऊन थांबतो, आणि थांबला असतां तो स्वर जागच्या जागीं सूक्ष्मपणें हलतो, निवळतो, जरासा आर्त होतो. पुढें काय येणार हें पाठ झालें तरी हा थांबण्याचा क्षण पाठ होत नाहीं. कारण तो लक्षांत ठेवण्याजोगी आकृति नसून एक अवस्था आहे. स्मृति आकृतीला धरून ठेवूं शकते, अवस्थेंत मात्र दर खेपेस नव्यानें शिरावें लागतें.

त्यांच्या गाण्याचे दोष लपविण्याचें कारण नाहीं. शब्द त्यांच्या तोंडीं पुष्कळदां विरघळून जातात. लय ही त्यांना वाट दाखविणारी दासी होती, जोडीनें चालणारी सखी नव्हे. वामनराव देशपांड्यांनीं 'घरंदाज गायकी'ची मीमांसा करतांना स्वर आणि लय अशा दोन टोकांमध्यें घराण्यांची मांडणी केली, तींत किराणा स्वराच्या टोकास बसला व आग्रा लयीच्या. ती मांडणी ढोबळ असली तरी खांसाहेबांपुरती खरी आहे. आग्र्याच्या रसिकाला हें गाणें एकांगी वाटेल. वाटो. एकच अंग इतकें पूर्ण असेल तर दुसऱ्याची आठवण ऐकतेवेळीं होत नाहीं. दक्षिणेकडील संगीताचा त्यांनीं मनापासून अभ्यास केला, त्यागराजाची कृति गाऊन मुद्रित केली, सरगमाचा रंग तिकडून उचलला, मराठी नाट्यपदेंहि गायिलीं. देवलांसारख्या श्रुतिशास्त्र्याच्या प्रयोगांना आपला गळा दिला. एवढा शोध ज्या कानानें घेतला त्याला बावीस श्रुति पुस्तकांत शोधाव्या लागल्या नाहींत. गदगच्या एका शाळकरी मुलानें त्यांची तबकडी ऐकली आणि १९३३ सालीं गुरूच्या शोधांत तो घरांतून पळाला. पुढें तो भीमसेन जोशी म्हणून विख्यात झाला. मैफलींतल्या किती गाण्यांनीं असा एखादा मुलगा घराबाहेर काढला असेल?

त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचें गाणें वडिलांच्या गाण्याची सौम्य, घरगुती आवृत्ति आहे असें म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांत तथ्य आहे, पण त्यांच्यावर थोडा अन्यायहि आहे. हिराबाईंच्या आवाजांत आर्तता कमी आहे व समाधान अधिक. सकाळीं कामें चालूं असतां त्या गात असल्या तर घर शहाण्यासारखें वागतें. याहून अधिक येथें लिहीत नाहीं.

बालगंधर्वांकडे वळलों कीं पुनःश्रवणाचा प्रश्न निराळाच होतो. मराठी रंगभूमीनें 'वन्समोअर' हा शब्द इंग्रजांकडून घेतला, पण त्याची जी पूजा मांडली ती सर्वस्वीं आपली. 'मानापमान' १९११ चें, 'स्वयंवर' १९१६ चें. या नाटकांतील पद एकदां म्हणून झालें म्हणजे प्रेक्षागृहांतून गजर उठे, आणि नारायणराव राजहंस तें पुन्हां म्हणत, तिसऱ्यांदां म्हणत. नाटकाचा खोळंबा होई, नाट्यशास्त्राचे जाणकार कपाळाला हात लावीत. तरीहि त्या दुराग्रही प्रेक्षकांनीं एक गोष्ट बरोबर हेरली होती. पद तेंच, परंतु दुसऱ्या वेळीं गंधर्व तें तसेंच म्हणत नसत. एखादा शब्द किंचित् उशिरां टाकावा, एखाद्या अक्षरावर मुरकी घेऊन सम अशी गांठावी कीं ती आपणहून पायाशीं आली असें वाटावें, हा त्यांचा नित्याचा खेळ. 'स्वयंवरा'च्या चाली भास्करबुवांच्या. त्यांत रागदारीचें बळ भरपूर होतें. गंधर्वांनीं तें बळ वाक्यांत मुरविलें. त्यांचें गाणें हें बोलणें आहे. रुक्मिणी बोलत असते, आणि बोलतां बोलतां तिला सूर सांपडतो.

तबकडींत हें कितीसें उतरलें? आमच्या मतें निम्मेंहि नाहीं. तीन मिनिटांत पद एकदांच म्हणतां येतें. म्हणजे गंधर्वांचा जो विशेष गुण, पुनरुक्तींतील नावीन्य, तोच यंत्रानें कापून टाकला. शिवाय शालू नेसून उभी असलेली ती मूर्ति नाहीं, तिरखवाँचा तबला कानाजवळ नाहीं, सारंगीचा पदर पुरता ऐकूं येत नाहीं. आजचा तरुण, ज्यानें गंधर्वांना चित्रांतच पाहिलें आहे, तो प्रथम तबकडी लावतो तेव्हां तोंड वांकडें करतो. पुरुषाचा आवाज, स्त्रीची लाडीगोडी, हें काय, असें त्यास वाटतें. त्याला आमचें सांगणें एवढेंच, कीं पहिल्या ऐकण्यावरून निकाल देऊं नये. अब्दुल करीमखाँ पहिल्याच वेळीं मन जिंकतात. गंधर्वांचें गाणें चौथ्या-पांचव्या वेळीं उलगडूं लागतें. शब्दाचें वजन कोठें पडलें, ताल किती हलक्या हातानें सांभाळला, सोपें वाटलेलें म्हणून पाहतांच कसें निसटतें, हें तेव्हां कळतें. त्यांच्या नकला महाराष्ट्रांत गल्लोगल्लीं झाल्या. लकब सर्वांनीं उचलली. लय फार थोड्यांना आली. मात्र उतारवयांतील त्यांच्या सर्वच मुद्रणांना डोक्यावर घेणें हें प्रेम आहे, रसिकता नव्हे. १९६७ सालीं ते वारले. त्यापूर्वींच्या कांहीं वर्षांत थकलेल्या गळ्यांतून जें निघालें तें ऐकतांना डोळे भरून येतात, आणि डोळे कां भरून आले हें श्रोत्यानें स्वतःशीं प्रामाणिकपणें तपासून पाहावें.

केसरबाई केरकर या आमच्या कसोटीला सर्वांत अवघड प्रकरण आहे. अल्लादियाखाँच्या गायकीचा मोठा वारसा त्यांच्याकडे आला; आवाजाचा तो भरदार, गोल, तिन्ही सप्तकांत न पातळ होणारा आकार दुसऱ्या कोणाच्या गळ्यांत आम्हीं ऐकला नाहीं. नभोवाणीवर गाण्यास त्या राजी नव्हत्या. त्यामुळें गांवोगांवच्या श्रोत्यांस त्या मिळाल्या त्या तबकड्यांतूनच, आणि ही गायकी तर तबकडीला मुळींच न मानवणारी. आवर्तनामागून आवर्तन विणीत, श्वास न तोडतां सम गांठीत चालणाऱ्या या गाण्याचें तीन मिनिटांचें तुकडें पाडणें म्हणजे पैठणीचा नमुना चार बोटें कापून दाखविणें आहे. पण नटकामोदाची त्यांची तबकडी घेऊन बसा. पहिल्यानें कांहीं हातीं लागत नाहीं. एक राग कीं दोन, अशी चुटपुट लागते. हळूहळू नट कोठें संपतो व कामोद कोठून डोकावतो हें दिसूं लागतें, आणि मग तो सांधा पुन्हां पाहावा अशी इच्छा राहत नाहीं असा दिवस येत नाहीं. आनंद येथें बुद्धीचा आहे. कोणी म्हणेल, बुद्धीचा आनंद कोरडा. कोड्याचें उत्तर मिळालें कीं कोडें कोरडें होतें हें खरें, परंतु उत्तम विणकर हातमागावर बसला असतां त्याचे हात पाहून कोणी कंटाळल्याचें ऐकिवांत नाहीं. १९७७ च्या आगस्ट-सप्टेंबरांत अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं, त्यांवरील सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडींत केसरबाईंची भैरवी आहे. त्याच सप्टेंबरांत केसरबाई वारल्या. जिनें साध्या नभोवाणीला नकार दिला तिचा आवाज सूर्यमालेबाहेर गेला, ही गंमत त्यांना स्वतःला कितपत आवडली असती हें सांगवत नाहीं.

आणि कुमार गंधर्व. तबकडीचें बरें आणि वाईट या एका माणसाच्या चरित्रांत एकत्र आलें आहे. सुळेभावीचा हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐके आणि हुबेहूब गाऊन दाखवी. लोक थक्क होत, पदकें देत. तें कौतुक तसेंच चालूं राहिलें असतें तर एका अलौकिक पोपटाचीच भर संगीताच्या इतिहासांत पडली असती. देवधर मास्तरांच्या हाताखालीं डोळस शिक्षण झालें, पुढें क्षयानें १९४८ च्या सुमारास देवासला खिळवून ठेवलें, गाणें बंद झालें; आणि १९५३ नंतर जो आवाज बाहेर आला तो कोणत्याहि तबकडींतला नव्हता. अर्ध्या श्वासाचे, तुटक, टोंचणारे स्वर. मध्येंच सोडलेली निःशब्द जागा. त्यांचीं निर्गुणी भजनें आमच्या येथील भजनी मंडळींना ऐकविलीं तेव्हां त्यांपैकीं जाणत्यांनीं 'हा बुवा एकटा गातो' असा अभिप्राय दिला. इतकी नेमकी टीका आम्हीं छापलेली वाचली नाहीं. कुमारांना पुन्हां पुन्हां ऐकावें, पण एका बैठकींत अनेक चिजा ऐकूं नयेत. त्यांतली निःशब्द जागा दुसऱ्या चिजेनें भरून जाते.

मल्लिकार्जुन मन्सूरांचा उल्लेख येथें केलाच पाहिजे. तरुणपणीं त्यांच्याहि तीन मिनिटांच्या तबकड्या निघाल्या, त्या चांगल्या आहेत. परंतु मंजीखाँ व भुर्जीखाँ यांची तालीम पचवून, म्हातारपणीं, दीर्घ मुद्रणाची सोय झाल्यावर त्यांनीं जे अनवट राग गायिले, तेंच त्यांचें खरें गाणें. केसरबाईंना जी सवड यंत्रानें दिली नाहीं ती त्यांना मिळाली. जयपुरी विणकाम सबंध पाहावयाचें असेल त्यानें तेथें जावें.

राहतां राहिले भास्करबुवा. १९२२ सालीं ते वारले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही गायकी एका गळ्यांत नांदविणारा दुसरा गवई झाला नाहीं असें त्यांना ऐकलेले लोक एकमुखानें सांगत. गोविंदराव टेंब्यांचा 'माझा संगीत व्यासंग' १९३९ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतहि जुन्या गवयांच्या आठवणी वाचतांना मनांत हेंच येतें, कीं हें सारें शब्दांवर विश्वासून मान्य करावयाचें. आम्ही तें मान्य करतों. तथापि ज्यांना पुन्हां ऐकतां येत नाहीं त्यांना श्रेष्ठांच्या पंक्तींत पहिला पाट मांडावा, आणि ज्यांना घराघरांतून लोकांनीं शंभर वेळां पारखून घेतलें त्यांना दुसरा, ही रीति आम्हांस पटत नाहीं. भास्करबुवांचा पुरावा हवा असेल तर तो 'स्वयंवरा'च्या चालींत आहे. त्या चाली बालगंधर्वांच्या तबकडींतून बाजूला काढून, पेटीवर, शब्दांवांचून, सावकाश वाजवून पाहाव्यात. यमनासारखा हजारदां मळलेला राग घेऊन त्यांत नवीन उंबरठा कसा घडविला आहे, तें बोटांना आधीं कळतें व कानाला मागाहून.